एका दोरीत

३ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, थंडी मरणाची पडली आहे, तुझी वहिनी तुझी आठवण काढते. झालं, रीतसर सगळं लिहून झालं. आता भांडायला मोकळा.

तू दिलेलं मशीन सुरू होत नाही.

माझं जुनं मोडीत निघालं तेव्हा काय म्हणाला होतास, आठवतं? "दादा, माझं चेनसॉ घेऊन जा. माझे कान गेले, आता मी कुणाच्या झाडाखाली उभा राहणार नाही. वापरलेलं आहे, पण लोण्यासारखं चालतं." लोणी! रोज सकाळी अंगणात माझी आणि त्याची कुस्ती चालते. सुरू करायची दोरी ओढली की अर्ध्यावर येते, अडते आणि हिसका मारून परत आत जाते. परवा शेजारची शिंपीणबाई खिडकीतून म्हणाली, "काका, मी येऊ का मदतीला?" मी म्हटलं, "बाई, हे तुमचं शिवणाचं मशीन नाही." खिडकी लावून घेतली तिनं. उगाच बोललो.

आता मला शिकवायला बसू नकोस, तू सांगशील ते सगळं करून झालंय. टाकीतलं शिळं पेट्रोल ओतून टाकलं, ऑइल मोजून नवं भरलं. हवेच्या फिल्टरवर भुशाचा थर होता, तो साबणाच्या पाण्यानं धुऊन वाळवला. टाकीतला छोटा फिल्टर तारेच्या आकड्यानं बाहेर काढून बदलला. प्लग काढला तर ओलाचिंब. तो घासला, चुलीजवळ सुकवला, मशीनच्या अंगाला टेकवून ठिणगी बघितली. चांगली निळी पडते. सायलेन्सरच्या जाळीतली काजळी खरवडली. पूर्ण चोक देऊन ओढलं, मग अर्धा, मग चोक बंद. एकदा खोकल्यासारखं करतं आणि गप्प. पुन्हा ओढायला गेलो तर दोरी दगडाला बांधल्यासारखी जड.

मिस्तरीकडे दोनदा नेलं. त्यानं कार्बोरेटर उघडला, आतला पडदा बदलला. आणि गंमत बघ, त्याच्या दुकानात दुसऱ्या दोरीला सुरू! डॉक्टरपुढे नेलं की पोराचा खोकला थांबतो, त्यातलीच गत.  मिस्तरी फडक्याला हात पुसत माझ्याकडे बघत राहिला. घरी आणलं, पुन्हा मुकं.

तेव्हा खरं काय ते सांग. हे मशीन तू कधी उंचावरून पाडलं होतंस का? काहीतरी लपवून माझ्या गळ्यात मारलं आहेस असं मला वाटू लागलंय. बेकरीवाल्याची भट्टी माझ्या लाकडावर चालते, तुला ठाऊक आहे. त्यानं उद्या दुसरा माणूस बघितला, तर मी करू काय? दिवसभर घरात बसून वहिनीच्या पायात पायात येऊ? मला दुसरं काही येत नाही रे.

तब्येतीचं विचारलं होतंस. पावसाळ्यात चक्कर आली होती, त्यापलीकडे काही नाही. तुझी वहिनी डॉक्टरचा एक लांबलचक शब्द सगळ्यांना सांगत असते, तिकडे लक्ष देऊ नकोस. मी ठणठणीत आहे.

फोनच केला असता. पण तुला मुळीच ऐकू येत नाही, मला अर्धंमुर्धं येतं, आणि बाकी सगळ्या गल्लीला मात्र नीट ऐकू जातं. म्हणून हे पत्र. अक्षर वाकडं आलंय त्याला हसू नकोस, पेन फालतू आहे.

तुझ्यावर रागावलेला,
दादा

&nbsp;

२२ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मशीन कधीच पडलं नाही असं शपथेवर लिहिलंस, मानलं. पण शेवटी "दादा, हात बरा आहे ना?" हे विचारायची गरज नव्हती. मशीनचं विचारलं तर मशीनचं सांगावं.

आणि आता तुझी गरजही उरली नाही. रोग सापडला! कुणाला सापडला? मलाच.

मी ते रात्री जमिनीवर ठेवायचो, तिथेच चुकत होतं. आडवं पडलं की पेट्रोल नको तिथे उतरत असणार. आता शेडमध्ये खुंटीला उभं टांगून ठेवतो. पहिल्या दिवशी तिसऱ्या दोरीला लागलं. त्यानंतर सरळ एका दोरीत! जोरसुद्धा लावावा लागत नाही, नुसतं ओढल्यासारखं केलं की गुरगुरायला लागतं. मिस्तरीला सांगितलं तर तो म्हणाला, "असेल काका, असेल." स्वतःला सुचलं नाही ना, म्हणून तोंड एवढंसं झालं त्याचं.

तुझी वहिनी तर इतकी खूश आहे की विचारू नकोस. सुरू झालं की स्वयंपाकघरातून ओरडते, "लागलं का हो?" मी म्हणतो, "एका दोरीत!" बाईला मशीनमधलं काय कळतं, पण आनंद होतो बिचारीला. सध्या तिचा खांदा धरलाय. पांघरुणं पिळताना लचकला म्हणते. घरभर मलमाचा वास.

बेकरीवालाही बदललाय. तुला माहीतच आहे, हा माणूस पावाचा चुरासुद्धा कुणाला फुकट देणार नाही. मी रोज सकाळी पाव आणायला जातो, तर हल्ली म्हणतो, "बसा हो काका, चहा घेऊन जा." मग चहा, मग त्याच्या गुडघ्याची कहाणी, मग त्याच्या सासूची. उठायला लागलो की पुन्हा बसवतो. माझ्या लाकडाची किंमत कळली असेल त्याला, दुसरं काय.

एक बारीकशी तक्रार आहे. काप तिरके जातात. चेन एका बाजूनं बोथट असावी, घासून बघतो.

नवं पेन आणलं. तेही त्याच लायकीचं निघालं.

तुझा विजयी,
दादा

&nbsp;

१७ जानेवारी

प्रिय धाकट्या,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. तुझ्या वहिनीच्या नजरेला कधी पडता कामा नये.

गेल्या आठवड्यात एका सकाळी मी पाव आणायला गेलो तर बेकरीवाला नव्हता. कुठे लग्नाला गेला होता. त्याच्या बायकोनं पाव हातात दिला आणि आत गेली. चहा नाही, गुडघा नाही, सासू नाही. मी आपला लगेच परतलो. घरी आलो तर वहिनी मोरीपाशी हात धूत उभी. धापा टाकत होती. मला बघून म्हणाली, "आज लवकर?" मी म्हटलं, "तो नाहीये." आणि शेडकडे वळलो.

थंडी एवढी होती की पत्र्यावर दव गोठलेलं. मी खुंटीवरून मशीन काढायला हात घातला आणि बोटं सायलेन्सरला लागली. चटका बसला रे. फोड आला, अजून आहे.

रात्रभर गारठ्यात टांगलेलं मशीन होतं ते.

मी तिथेच उभा राहिलो. तुला समजावून सांगायला नको. गरम मशीन पोरानं ओढलं तरी लागतं, आपण दोघं हे जन्मभर बघत आलो. आणि मी, एवढा अनुभवी, खुंटीला श्रेय देत बसलो होतो. मग एकेक गोष्ट जुळत गेली. चहा. मलमाचा वास. "असेल काका, असेल." सगळ्या गल्लीला रोज सकाळी आवाज जात होता. ज्याला जात नव्हता असा मी एकटाच.

मग मी दोरी ओढली. लागलं, एका दोरीत. आतून हाक आली, "लागलं का हो?" केवढी खूश होऊन विचारत होती! मी म्हटलं, "हो. एका दोरीत." तेवढं बोलताना माझा जीव गेला.

दुसऱ्या दिवशी पाव आणायला म्हणून निघालो आणि शिंपीणबाईच्या भिंतीआड थांबलो. चोरासारखा. वहिनी बाहेर आली. गल्लीत दोन्हीकडे बघितलं, मशीन उतरवून जमिनीवर ठेवलं, मागच्या मुठीत पाय अडकवला, अगदी मिस्तरी ठेवतो तसा. त्यानंच शिकवलं असणार. मग दोन्ही हातांनी दोरी ओढली. किती वेळा ओढली ते मी मोजलं नाही, मला बघवलं नाही. शेवटी लागलं. थोडा वेळ चालू ठेवलं, बंद केलं, ओंडक्यावर बसली आणि खांदा धरून डोळे मिटून घेतले. उठली, आणि मुठीवर तिच्या चपलेचा ठसा उमटला होता तो फडक्यानं पुसून काढला. मला कळू नये म्हणून. मग उजव्या हातानं उचलवेना, तर डाव्या हातानं मशीन छातीशी धरून खुंटीला लावलं.

मी बेकरीत गेलो. तो परत आला होता. "चहा घ्या काका," म्हणाला. घेतला. दुसराही मागून घेतला, तिला दम खायला वेळ मिळावा म्हणून.

आता यापुढचं ऐक. मी त्याच दिवशी थांबवायला हवं होतं. नाही थांबवलं. आणखी काही दिवस चालू दिलं, सगळं माहीत असून. कारण मला ते एका दोरीत लागणं हवं होतं. ओढलं की ते गुरगुरायचं आणि तेवढ्यापुरता मी पूर्वीचा व्हायचो. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगणार?

काल तिनं डबा उघडायला माझ्यापुढे धरला. झाकण घट्ट बसलं होतं. "माझा खांदा दुखतोय, तुम्ही बघा," म्हणाली आणि लगेच चपापली. मी प्रयत्न केला. माझ्यानंही उघडलं नाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही हसलो, आता काय करणार. घरात चार हात, आणि डबा उघडायला एकही धड नाही. शेवटी शिंपीणबाईला हाक मारली. ती आली, उघडून दिला आणि गेली. रात्री झोपेत वहिनी कण्हत होती. मला अर्धंच ऐकू येतं, तरी तेवढं ऐकू आलं.

म्हणून ठरवलं. परवा लाकडाची लॉरी तुझ्या बाजूला यायची आहे. मशीन ड्रायव्हरबरोबर पाठवतो आहे.

तू एवढंच कर. वहिनीच्या नावानं वेगळं पत्र टाक. त्यात लिही, की मशीन मुळातच बाद होतं, सिलेंडर आतून गेला होता, तुला देताना माहीत होतं आणि तू लपवलंस. मध्ये चाललं ते चाललं, आता पुढे धोका आहे, म्हणून तूच ते परत मागवलंस. असं लिही. माफीही माग. मी तिच्यासमोर तुझ्या नावानं बोटं मोडीन, नालायक म्हणेन, तुझं तोंड बघणार नाही म्हणेन. मनावर घेऊ नकोस. ती तुझी बाजू घेईल, मग मला शांत करील, आणि तिला कधी कळणार नाही की मला कळलं होतं. तिनं रोज माझी लाज राखली. तिची मेहनत फुकट गेली असं तिला वाटायला नको. नवं मशीन घ्या म्हणाली तर म्हणेन, माझा आता मशीनवरचा विश्वासच उडाला.

बेकरीवाल्याशी आज बोललो. नदीपलीकडचा एक जण आहे, त्याच्याकडून लाकूड घे म्हटलं. त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "पण चहाला येत जा." मला तोंड फिरवावं लागलं.

तू विचारलं होतंस, हात बरा आहे ना. नाही. पावसाळ्यात चक्कर आली नव्हती, माझी उजवी बाजू गेली होती. बरीचशी परत आली. हात आला नाही. तुला सरळ सांगितलं असतं तर तू धावत आला असतास, आणि तुझ्यासमोर मला ती दोरी ओढता आली नसती. तुला दोरी ओढायला शिकवलं कुणी? मीच ना?

मशीन पोचलं की एकदा सुरू करून बघ. तुला आवाज येणार नाही, पण मुठीवर हात ठेव, समजेल. तू म्हणाला होतास तसंच आहे, लोण्यासारखं. त्यात काही खोट नव्हती. खुंटीला टांगायची गरज नाही.

पेनही चांगलं आहे.

तुझा,
दादा