ऑफसाईडचा झेंडा मी उचलला

१० फेब्रु., शनि.
फुटबॉलची सेमीफायनल. खालच्या तालमीनं आमच्या पेठेच्या तालमीला हरवलं, १-०. पण पेठेच्या लेखी हरवलं मी. मॅच संपायला सातेक मिनिटं असताना आमचा गोल झाला. लाईनवर मी. झेंडा वर. ऑफसाईड, गोल रद्द. स्टँडमधून बाटल्या आल्या, एक चप्पल आली, आणि शिव्या तर माझ्या माहेरापर्यंत पोचल्या.

नेहमीचा लाईनमन गाडीवरून पडला म्हणून ऐनवेळी मला उभं केलं. खालचे आधीच बोंबलत होते, "बाई त्यांच्या पेठेची सून हाय, चालायची न्हाय!" मेन रेफरी दिनूदा म्हणाले, "बाई सरळ हाय, मी सांगतो की." सरळच आहे मी.

घरी नवऱ्यानं दार उघडलं आणि एक शब्द न बोलता आत गेला. पंधरा वर्षं त्या तालमीकडून खेळला, आता टीमचं सगळं तोच बघतो. नको बोलू. माझं काही अडलेलं नाही.

११ फेब्रु., रवि.
दूध आणायला गेले. कट्ट्यावर तालमीची चार टाळकी. त्यातला एक मला ऐकू जाईल असा, "ऑफसाईड म्हंजे काय ठावं हाय का? बाईमाणसानं सैपाक सोडून भाईर पडणं." खी खी खी. थांबले. म्हटलं, "पावणं, तुम्ही सांगा की खरा अर्थ." रोज तोंड बघतो एकमेकांचं, तरी मुद्दाम पावणं म्हटलं. झोंबलं. म्हणतो कसा, "गोलीच्या म्होरं एकटा सापडला की ऑफसाईड." झालं? चेंडू कधी मारला, पुढं किती जण होते, काही नाही. जन्म गेला स्टँडात बसून, आणि अक्कल मला शिकवतात.

दूध तापवताना उतू गेलं.

१३ फेब्रु., मंगळ.
शाळा. (मी शिकवते ती राजारामपुरीत, तिथं तरी कोणी चप्पल फेकत नाही.) हेडसर म्हणाले, मुलींची फुटबॉल टीम काढलीच आहे तर व्हरांड्यात बोर्ड करा, 'फुटबॉलमधले शब्द आणि अर्थ'. ऑफ तासाला बसले. थ्रो-इन: चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला की दोन्ही हातांनी, डोक्यावरून आत टाकणे. ॲडव्हान्टेज: फाऊल झाला तरी ज्याच्यावर झाला त्याचाच फायदा होत असेल तर रेफरी खेळ थांबवत नाही. सेल्फ गोल: आपल्याच जाळ्यात मारलेला.
शेजारच्या खुर्चीवरून मराठीच्या मॅडम, "म्हणजे तुम्ही परवा केलात तो का हो?"
नाही हो बाई. तो नाही.

१४ फेब्रु., बुध.
नवरा बोलला. चार दिवसांनी तोंड उघडलं ते कागद पुढे करायला. टाईप करून आणलेला. 'माझ्यासमोर खेळाडू आल्याने मला नीट दिसले नाही. गोंधळून झेंडा उचलला गेला.' खाली माझं नाव, सहीला जागा.
"तालमीनं स्पर्धेच्या कमिटीकडं प्रोटेस्ट टाकलाय, सोमवारी सुनावणी हाय. तू एवढी सही कर, सामना परत हुतोय बघ."
"मी गोंधळले नव्हते."
"लिहायला काय जातंय तुझं?"
काय जातंय! आठ वर्षं उन्हात पळून रेफरीचं कार्ड मिळवलंय, ते जातंय.
कागदाचे चार तुकडे केले आणि त्याच्या डब्यात चपातीखाली ठेवले. दुपारी फोन नाही. म्हणजे पोचलं.

१५ फेब्रु., गुरु.
बोर्डावर ऑफसाईड लिहायचं राहिलं होतं. आठवणीतून लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण आता माझ्या प्रत्येक अक्षरावर टपलेत, म्हणून नियमांचं पुस्तक काढलं. चेंडू मारला त्या क्षणी, समोरच्या टीमचे निदान दोन जण आपल्यापुढे किंवा आपल्या रांगेत पाहिजेत. गोली, म्हणजे गोलकीपर, धरून. एवढं पाठच आहे. खालची ओळ वाचली. परत वाचली.

त्या दिवशी खालच्यांचा बॅक, बचावातला, घसरत अडवायला गेला तो थेट गोललाईनच्या पलीकडे जाऊन पडला. पाय धरून लोळत होता. चेंडू आमच्याच पोराकडे राहिला, त्यानं आत दिला. आमचा फॉरवर्ड एकटा, पुढं फक्त गोली. एकच, दोन नाहीत. झेंडा.
पुस्तक म्हणतं, रेफरीला न विचारता मैदानाबाहेर गेलेला बचावाचा खेळाडू गोललाईनवरच आहे असं धरायचं.
म्हणजे गोली एक, तो लोळणारा दोन. ऑफसाईड नव्हता. गोल होता.

आणि तो पडलेला मला दिसला होता. स्वच्छ.

नियम येत नव्हता असंही नाही. परीक्षेत हाच प्रश्न आला होता, बरोबर सोडवला होता. 'सुनेनं सासरला झुकतं माप दिलं' असं कोणी म्हणू नये म्हणून हात आधी वर गेला, मोजणी मागून. सरळ बाई! थू.

१६ फेब्रु., शुक्र.
दिनूदांकडे गेले, सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं चहाचा कप खाली ठेवला.
"मला तर त्यो दिसलाच न्हवता," म्हणाले. "तूबी तसंच म्हण. दिसला न्हाय म्हटलं की नजरेची चूक. त्याला इलाज नसतो, निकाल कायम, तुझं कार्ड शाबूत. दिसला पण मोजला न्हाय म्हटलंस की नियमाची चूक. मग सामना परत आणि तू घरात. आणि तुझ्यामागनं एकबी पोरगी लाईनवर येऊ देणार न्हाईत हे लोक."
म्हणजे नवऱ्याच्या कागदावर सही केली असती तर त्याच्याच तालमीचा प्रोटेस्ट बुडाला असता. 'नीट दिसले नाही.' गाढव! परतताना रिक्षात एकटीच हसले. रिक्षावाला आरशातून बघत होता.

१७ फेब्रु., शनि.
बोर्डावर ऑफसाईड पूर्ण लिहिला. पडलेल्या बॅकसकट. भर व्हरांड्यात गुन्ह्याची कबुली लावलीय. हेडसर म्हणाले, अक्षर छान आहे.

१८ फेब्रु., रवि.
आज नवरा जेवताना, ताटातून मान वर न करता, "खरं सांग. खालच्यांनी काय दिलं तुला?"
भाकरी थापत होते. तव्यावरची करपू दिली. आजवर माझं माहेर काढलंस, अंगाचा रंग काढलास, सगळं गिळलं. हे नाही. हे मरेपर्यंत विसरणार नाही मी.
ठरलं. उद्या कमिटीपुढं म्हणणार, दिसला नाही. बसा बोंबलत. तुमच्या तालमीची फायनल गेली खड्ड्यात.

१९ फेब्रु., सोम.
कमिटीची सुनावणी. टेबलामागं तिघं, मी समोर, मागच्या खुर्च्यांवर नवरा आणि तालमीचे. त्यांच्या पुढाऱ्याचं भाषण: "बाईमाणूस हाय साहेब, आवाजानं गडबडली." नवऱ्यानं मान डोलावली. बघितलं मी.
मग मला प्रश्न. "रेषेबाहेर पडलेला खेळाडू तुम्हाला दिसला होता का?"
'नाही' जिभेवर होतं. सकाळपासून घोकलं होतं. आवाजानं गडबडली म्हणे! मी?
"दिसला होता. मोजला नाही. नियम मला येतो, तरी मोजला नाही."
मधले साहेब म्हणाले, "बाई, काय बोलताय कळतंय का?"
"कळतंय. लिहून घ्या."
सामना परत घ्यायचा का आणि माझ्या कार्डाचं काय, शनिवारी कळवतील.
बाहेर तालमीनं फटाके लावले. नवरा धावत आला, तोंडभर हसू. "शाब्बास! पेठेची लाज राखलीस."
"तुमच्या पेठेसाठी न्हाय बोलले."
त्याच्या गाडीवर बसले नाही. चालत आले.

२० फेब्रु., मंगळ.
कट्ट्यावरचे आज उठून उभे राहिले. "नमस्कार वहिनी." त्या दिवशी सैपाक काढणारा त्यात पुढं. तशीच पुढं गेले.
संध्याकाळी नवरा पेढे घेऊन आला. मी टेबलावर कमिटीला अर्ज लिहीत बसले होते. खांद्यावरून वाचायला लागला. वाचू दिलं. 'फेरसामना झाल्यास आणि माझे कार्ड कायम राहिल्यास, लाईनवर माझीच नेमणूक व्हावी.'
हसू उतरलं. पेढ्यांचा पुडा हातातच.
"आमच्या मॅचला? परत तू?"
"व्हय."
"आणि परत झेंडा उचललास तर?"
"असला तर उचलणार."