रिकाम्या टोपलीत हात

माय, आज पुन्हा पेपर तपासायला बसले आणि डोकंच फिरलं. कॉम्प्युटर नुकतंच शिकू लागलेली पोरं. प्रश्न साधा: दिलेल्या आकड्यांतला सगळ्यात मोठा शोधायचा प्रोग्राम लिहा. निम्म्यांनी पुस्तकातला प्रोग्राम घोकून उतरवलाय, तोही भलत्याच प्रश्नाचा. आपण लिहिलेलं एकदा तरी मशीनच्या जागी बसून चालवून बघावं, तर नाव नको! खूप चिडले. मग तू आठवलीस आणि धड चिडताही येईना, कारण मी तरी कुठे वेगळी होते?

साठचं दशक सरत आलं होतं. मुंबईच्या कंपनीनं हिशेब खात्यातल्या आम्हा थोड्या जणांना कॉम्प्युटर शिकवायला घेतलं होतं. मशीन काचेपलीकडे, हात लावायचा नाही. परीक्षा सगळी कागदावर. त्याआधी सुट्टी काढून घरी कळसाडीला आले, तर बाबांनी आल्या आल्या बजावलं, पास झालीस तर खुशाल नोकरी कर, नापास झालीस तर म्हसावदचं स्थळ तयार आहे, मुकाट्यानं बोहल्यावर उभं राहायचं. तू चुलीत लाकूड सारलंस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून प्रोग्राम पाठ करतेय, पाढे म्हणावेत तशी. तू कांदे निवडतेयस. "काय बडबडी ऱ्हायनी वं?" मी म्हटलं, मशीनला काम सांगायचं असतं, ते पाठ करतेय. "मंग मशीनले सांग ना, भिताडले काब सांगस? मीच तुन्हं मशीन. सांग."

मला हसू फुटलं, पण सांगितलं. टोपलीतला एक कांदा हातात धर. दुसरा काढ. तो मोठा असेल तर हातातला खाली ठेव आणि हा धर, नाहीतर हाच खाली ठेव. पुन्हा पुढचा काढ. तू गंभीर चेहऱ्यानं सगळं केलंस आणि सगळ्यात मोठा कांदा बरोबर तुझ्या हातात उरला. मी टाळी वाजवली. पण तुझा दुसरा हात आपला रिकाम्या टोपलीत फिरतोच आहे, फिरतोच आहे.

"माय, संपले की कांदे!"

"तू 'थांब' सांगं नही."

"टोपली रिकामी शे, दिसत नही का?" मी वैतागले.

"माले दिसस. तुन्हा मशीनले डोया शेतस का?"

मी वही मिटली. सगळा प्रोग्राम पाठ होता आणि थांबायचं कुठे हे मला ठाऊक नव्हतं. मग सुट्टीभर तू मशीन झालीस. एकदा तर मुद्दाम रिकामी टोपली घेऊन बसलीस, "आते? पहिला कांदा कोठून आनू?" म्हणालीस. मी रडकुंडीला यायचे, तू गालात हसायचीस. मध्येच एकदा भाकरी थापता थापता विचारलंस, "पास व्हयनी तं घर येशी का?" येईन की दिवाळीला, मी म्हटलं. तुझा हात थांबला. मग म्हणालीस, "चाल, पहिलेपाईन सांग." हे मला आजही छळतं, माय. मी पास झाले तर कायमची जाणार हे तुला कळत होतं, आणि तरी तू मला तयार करत राहिलीस.

परीक्षेत बाकीचे भराभरा लिहीत सुटले. मी पेन खाली ठेवलं, मनातल्या मनात तुला समोर बसवलं, एकेक ओळ तुला सांगितली. पास झाले. म्हसावदचं स्थळ मोडलं.

सामान न्यायला आले तेव्हा तू फाट्यापर्यंत पोचवायला आलीस. मी एस.टी.त चढले तशी खिडकीखाली येऊन म्हणालीस, "आते काय करू, सांग." थट्टाच होती. मी हसले. गाडी सुटली, आणि मी तुला काहीच सांगितलं नाही.

पुढे पत्रं लिहिली, पण तुला वाचता येत नव्हतं. बाबा ओसरीवर चारचौघांत वाचून दाखवायचे. त्यांत काय लिहिणार? मी खुशाल आहे, इतकंच. आज हे लिहिलं, तर टाकायला पत्ता नाही. ठेवून देईन उशाखाली.

खुशाल नव्हते गं. पहिलं वर्षभर खोलीवर एकटी जेवताना बाबांचं पत्र पुढ्यात ठेवायचे. बाबांच्या प्रत्येक उत्तरात तुझा निरोप शोधायचे. एकदा जरी 'ये' म्हणाली असतीस ना, माय, तर सगळं सोडून पहिल्या गाडीनं आले असते.