मिनिटभराचे ठोके

३ नोव्हेंबर
तांड्यावरच्या उपकेंद्रात नर्स म्हणून आज रुजू झाले. घाटंजीपासून जीपने पाऊण तास. दोन खोल्या, स्वच्छ मोरी, दारासमोर वेचलेल्या कापसाचा ढीग. शेजारच्या जमनाबाईंनी आल्याआल्या भाकरी-ठेचा पाठवला. त्यांची सून राखी हिला नववा लागलाय. पहिलं मूल पोटातच गेलं. हे सुखरूप हातात देईन, असा शब्द देऊन बसले. मस्त वाटलं.

६ नोव्हेंबर
बाळाचे ठोके नळीने ऐकायचे आणि पूर्ण मिनिट मोजायचे. माझं घड्याळ बंद, म्हणून फोन समोर ठेवते. आज मोजतानाच ग्रुपवर तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांचा मेसेज आला, “आभा सिस्टर, पाच मिनिटांत माहिती पाठवा, नाहीतर नोटीस.” या माणसाने तांड्याचं तोंड तरी पाहिलंय का? उत्तर देण्यात मोजणी हुकली. अंदाजाने १४० लिहिलं. राखीला सांगितलं, सगळं ठीक आहे.

९ नोव्हेंबर
मेसेज नसतानाही फोन उघडते. साहेब खेकसले की उघडते, राखीचे सुजलेले पाय दिसले की उघडते. रील सरकवत बसलं की छातीतली धडधड जरा थांबते, मग दुप्पट होते.
आज जमनाबाई म्हणाल्या, “सिस्टर, फोन वाजला म्हून नाही, भेव लागलं का तुम्ही त्याले हात लावता. कुंदा सिस्टरचंबी असंच होतं.”
तळपायाची आग मस्तकात गेली. बाई खरं बोलली म्हणून जास्तच. कुंदा माझ्या आधीची. राखीचं पहिलं मूल गेलं तेव्हा नळी तिच्याच कानाला होती. फोन काढून घेतला तरी म्हणे तिचा अंगठा हवेत चालायचा.

११ नोव्हेंबर
फोन जमनाबाईंच्या ज्वारीच्या कोठीत पुरला. साहेब गेला खड्ड्यात. राखीच्या नवऱ्याचं, सुनीलचं घड्याळ मागून आणलं.

१२ नोव्हेंबर
अंगठा थांबत नाही. भाकरीवर सरकतो, भिंतीवर सरकतो. पेन धरलं तरच गप्प बसतो. कोठीत फोन थरथरतोय. जमनाबाई म्हणतात, काहीच नाही वाजत. चिडून त्यांना घालवून दिलं.

१३ नोव्हेंबर, दुपार
राखीला घरीच कळा. सुनीलने बोलावलेली गाडी घाटंजीहून निघालीय. नळी लावली — ठोके नाहीत. थरथर. फोनची. तिच्या पोटातून —

कोठीत हात घालून पाहिलं. फोन तिथेच. बंद.

पुन्हा लावली. आहेत ठोके. पेन सोडायचं नाही, इथेच मोजतेय — पंधरा सेकंदांत तेवीस. म्हणजे मिनिटाला ब्याण्णव. कमी. फार कमी —

राखी विचारतेय, “सिस्टर, लेकरू हाय ना?”

मरो ती कुंदा, मरो साहेब, मीही — शब्द दिलाय मी. पूर्ण मिनिट. पुन्हा. सहा — सात — पुन्हा थरथर — आठ — नाही बघणार — नऊ —

एकदाच. कोण आहे तेवढं बघते आणि लगे