नदीपलीकडचे बैल

५ जून
लिही शोभा. तारीख तू घाल, तिथी मी सांगते: ज्येष्ठ शुद्ध दशमी. सून लिहिते म्हणून मला रोजनिशी. ती माझं 'न्हाय' खोडून 'नाही' करते. करू दे. भांडण मात्र जसंच्या तसं उतरवायचं, असं ठरलंय.

आज सुजित, तिचा लेक, माझा नातू, चौकातल्या मंडळाचा पुढारी, चप्पल काढायच्या आधीच बोलला.
"आजी, औंदा गल्लीत कानडी बेंदूर न्हाय. आपला बेंदूर पुढच्या महिन्यात. तेवढाच."
"का रं? कानडी बैलाची शिंगं उलटी असत्यात व्हय?"
"सीमेवर आपल्या माणसांना मारत्यात. टीव्ही बघ की."
आपली माणसं कोण, ते मला हा सांगणार. माझा जन्म दूधगंगा नदीपलीकडचा, कर्नाटकातला. आईला अव्वा म्हणत वाढले. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात बैलांचा हा सण दोनदा, दोन बेंदूर. ज्येष्ठात माहेरचा, आषाढात सासरचा. मातीच्या बैलांची जोडी मात्र एकच. माहेरच्या काळ्या मातीची, माझा थोरला भाऊ अण्णा स्वतः करून आणतो. पौर्णिमेला पुजायची, फडताळात ठेवायची, आषाढात परत पाटावर. सासूबाईंनी कधी बैलांना राज्य विचारलं नाही. आषाढात मंडळही माझेच बैल मिरवायला नेतं. तेव्हा बरे चालतात.

८ जून
चौकात फ्लेक्स लागला. शोभानं वाचून दाखवला: 'आमची माती, आमचा बेंदूर'. सगळ्या पोरांचे फोटो, गॉगल घालून, मधोमध तलवार. बैल एकही नाही. म्हटलं, आहेत की, गॉगल घालून बैलांनीच फोटो काढून घेतलेत.

जेवताना सुजितला परत सांगितलं. अण्णाच्या कपाळावर खोक आहे ती कशाची? गाव महाराष्ट्रात घ्या म्हणून ओरडत होता, तिकडच्या पोलिसांनी डोकं फोडलं. अव्वानं हळद भरली, मी कंदील धरला होता.
"ते जुनं झालं, आजी."
"मग तुझ्या फ्लेक्सवरची तलवार काय काल पाजवून आणली?"
अर्धी भाकरी टाकून उठला. टाकलेली भाकरी मीच खाल्ली, रागानं.

१० जून
अण्णा येणार म्हणून पुरण शिजवलं. चहाच्या वेळेपर्यंत येतो दरवर्षी. आला नाही.

दिवेलागणीला त्याचा फोन. भाड्याची गाडी करून आला होता, कर्नाटकच्या नंबरची पाटी. चौकात पोरांनी अडवली. ड्रायव्हर कानडी बोलला, मग काय, निमित्तच मिळालं. पुढच्या पाटीला काळं फासलं, मागच्याही पाटीला काळं. अण्णा मागच्या सीटवर, बैलांची टोपली, आमची बुट्टी, मांडीवर. तसाच परत गेला.

म्हणाला, "तंगी, तुझा नातू मागची पाटी रंगवत होता. काचेतनं बघत होतो. हात चांगला हाय त्याचा."
"आणि तू गप बसलास?"
"उतरलो असतो तर चारचौघांत त्याची मान खाली गेली असती. तुझ्या घरचा हाय त्यो."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. आता तसं म्हणणारा तेवढाच एक.

शोभाचा पेन थांबला. लिही म्हटलं. तुझा आहे तसा माझाही आहे. लिही.

११ जून
पौर्णिमा. पाट मांडला, रिकामाच. हळदकुंकू लाकडाला वाहिलं. पोळीचा नैवेद्य दाखवला. कुणाला, ते विचारू नका.

सुजित समोर आला. शोभानंच सांगितलं त्याला, मी नाही. आधी म्हणाला, मला काय माहीत आत कोण होतं. म्हटलं, म्हणजे दुसऱ्या कुणाचा आजोबा असता तर चाललं असतं?

तिकडं मराठी म्हणून फोडला, हिकडं कानडी म्हणून फासलं. माणूस तोच. आता त्यानं राहायचं कुठं, नदीत?

आणि तो ड्रायव्हर. पाटी घासत बसला असेल बिचारा. त्याचं नावही कुणी विचारलं नाही.

२९ जून
अण्णा फोन उचलत नाही. वहिनी उचलते, म्हणते झोपलेत. दुपारी झोपलेत, संध्याकाळी झोपलेत. माझा भाऊ एवढा झोपत नाही.

सुजितशी मी बोलत नाही. 'शोभा, त्याला विचार भाजी पाहिजे का' असं चाललंय. शोभा बिचारी आधी निरोप वाढते, मग भाजी.

५ जुलै
मंडळानं बैल विकत आणले. प्लास्टरचे, मोती लावलेले, डोळे नटीसारखे. सुजितनं मला दाखवायला आणले.
मी शोभाला म्हटलं, "विचार, ही आमची माती कुठल्या कारखान्याची?"
तो हसला नाही. बैल जिन्यात ठेवले आणि पायरीवर बसून राहिला. मग शोभाला न मध्ये घेता मलाच म्हणाला, "मी गेलो तर अण्णा काय म्हणतील?"
"शिव्या देतील. मराठीत. तिच्यासाठी डोकं फोडून घेतलंय त्यांनी."
जा म्हणाले नाही. जाऊ नको म्हणाले नाही.

८ जुलै
उद्या आषाढातला बेंदूर. सुजित सकाळी मोटरसायकलवर गेला, मागं रिकामी बुट्टी बांधून. मंडळातल्या कुणाला सांगितलं नाही म्हणे. पुढारी!

दुपारी फोन. "आजी, पुलाच्या अलीकडं उभा हाय. पलीकडं पोरं एमएचच्या गाड्या अडवायल्यात. डबा हाय त्यांच्या हातात."
"काळा हाय का रंग?"
"आजी, चेष्टा नको."
चेष्टा नव्हती. हसल्यासारखा आवाज शोभालाही ऐकू आला, पण ते हसणं नव्हतं, माझा दमा होता.
"मग माघारी ये."
मग म्हणाला, "त्यांना काय सांगू, कोण म्हणून?"
"अण्णाचा नातू म्हण. गावात वळखत्यात."
फोन कट झाला. त्यानं केला का रेंज गेली, कळलं नाही.

दिवे लागले, तो अजून आला नाही. शोभाचं अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. पाट धुऊन पालथा घातला होता, तो आता बैलांसाठी सुलटा मांडला. बस शोभा. गाडी वाजली का बघ.