‘करमत नाही’ची गोळी

बाबा, पुसदच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर होतात, तेव्हा झोपेचं औषध म्हणजे ब्रोमाइडचं मिक्श्चर आणि डोस म्हणजे बाटलीवर डकवलेली, खाचा पाडलेली कागदी पट्टी. आता तुमच्या धाकट्या लेकीच्या मनगटावर घड्याळ आहे. ती किती झोपली ते घड्याळ मोजतं, मोबाइल रोज सकाळी चार प्रश्न विचारतो आणि दोन्ही जुळवून तिच्या मनाच्या गोळीचा डोस किती असावा ते नागपूरच्या डॉक्टरला सुचवतो. तुम्ही हरखून गेला असता. मीही हरखले. उद्या रक्ताच्या थेंबावरून कुणाला कुठली गोळी सोसेल तेही आधीच कळेल, आणि सगळ्यांना एकच माप पाजायचे दिवस संपतील. याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण तुमचे धाकटे जावई गेल्यावर महागावचं घर बंद करून ती माझ्याकडे आली, आणि महिन्याभरात यंत्राच्या सांगण्यावरून तिचा डोस दोनदा वाढला. मग एका दुपारी ती वरणाला फोडणी द्यायला उभी राहिली ती तेल जळून धूर झाला तरी तशीच. मी हाक मारली तर मलाच विचारते, “आई कुठाय?” आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली.

मी तडक डॉक्टरला व्हिडिओवर गाठलं. पोरसवदा माणूस, शांतपणे म्हणाला की मॅडम, उत्तरंच तशी आली आहेत. मग मी त्याला सोडलं नाही. ती रोज फक्त ‘करमत नाही’ म्हणते, तुमच्या चार प्रश्नांत हा शब्द कुठे बसतो ते दाखवा, म्हटलं. बिचाऱ्याने ऐकून घेतलं, तिच्याशीही बोलला. डोस हळूहळू खाली आणला, यंत्र बनवणाऱ्यांना हे कळवतो म्हणाला. आता ती पुन्हा माझ्या चहाला नावं ठेवते. यंत्रही शिकेल. शिकवणारं कुणी भांडखोर हवं.

तुम्ही खिडकीतून बाटली देण्याआधी प्रत्येक बाईला विचारायचात, “झोप येऊन नाही राह्यली, का करमून नाही राह्यलं?” करमत नसेल तर बाटली तशीच ठेवून आत डॉक्टरांकडे जायचात. एकदा कॉन्व्हेंटच्या युनिफॉर्ममध्ये बाकावर बसलेली मी हसून म्हणाले, म्हणजे ‘बोअर’ होतं तिला. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “तुह्या इंग्रजीत शब्द नाही म्हणून तिचं दुखणं खोटं आहे काय?” त्या दिवशी मला फार लागलं होतं.

डॉक्टरला मी एक गोष्ट सांगितली नाही. धाकटीला मोबाइलचं जमत नाही. रोज सकाळी ती ‘करमत नाही’ म्हणायची आणि मी स्वतःच्या हुशारीने ‘कशातच आनंद वाटत नाही, जगावंसं वाटत नाही’ या ओळीवर बोट टेकवायचे. यंत्राने माझंच ऐकलं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं. तिला अजून सांगायचंय.