मदतीची लिंक एकट्याने ४,११२ वेळा उघडल्याचा खुलासा

प्रति,
मा. प्रशासन अधिकारी,
लेखन-प्रणाली विभाग, चौथा मजला.

विषय : मदतीची लिंक एकाच टेबलावरून ४,११२ वेळा उघडल्याचा खुलासा, तसेच मदतलेखिकेचे पद रद्द न करण्याबाबत विनंती.

संदर्भ : आपली शुक्रवार, सकाळी ११.२० ची कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

नोटिशीत विचारल्याप्रमाणे सांगतो की यंत्रात बिघाड नाही आणि व्हायरसही नाही. ते सर्व क्लिक माझ्याच हातचे आहेत. कामाच्या वेळेत केले, जेवणाच्या सुट्टीतही केले. उजवे मनगट सुजल्यावर डाव्या हाताने केले, म्हणून शेवटच्या दोन दिवसांचा आकडा कमी दिसतो.

१. आपल्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहिताना कुणी अडले, तर त्याला वाट दाखवणारी दोनशे चौदा पाने आहेत. ती सर्व मदतलेखिका बाईंनी एकटीने लिहिली. सारा विभाग त्यांना मावशी म्हणतो. त्या पानांकडे नेणारी लिंक पडद्यावर कुठे व कशी दिसावी, हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आहे. माणूस जिथे अडतो तिथेच लिंक द्यावी, आणि तिच्यावर त्याच्या मनातलाच प्रश्न लिहावा, असे मावशींनी मला सुचवले होते. उदाहरणार्थ, "पुसलेला मजकूर परत हवा आहे?" त्यांचे शब्द असे : "अरे, ज्याचं लिहिलेलं गेलं तो आधीच घाबरलेला असतो. त्याला आणखी शोधाशोध कशाला करायला लावतोस?"

२. मी ऐकले नाही. निळ्या, अधोरेखित लिंकांनी माझा पडदा विद्रूप होईल, अशी माझी ठाम समजूत होती. मी सगळ्या लिंका काढून खालच्या कोपऱ्यात एक फिकट राखाडी टिंब ठेवले. माऊसचा बाण नेमका त्यावर नेऊन क्षणभर थांबवला तरच ते उघडते. स्वच्छ पडद्याबद्दल बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. मावशीही वाजवत होत्या.

३. वर्षअखेरीच्या अहवालात मदतपाने वर्षभरात फक्त त्रेपन्न वेळा उघडल्याचे दिसले. पानांचा कुणाला उपयोग नाही असा निष्कर्ष निघाला आणि या महिनाअखेरीस मावशींचे पद रद्द करण्याचे ठरले. त्या बैठकीत मी हजर होतो. एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होते, पण मी मूग गिळून बसलो. नंतर नोंदी तपासल्या. त्यांतल्या बावन्न वेळा खुद्द मावशींनीच पाने उघडली होती, दर सोमवारी एक, नीट उघडते ना हे बघायला. त्रेपन्नावी नोंद माऊस पुसणाऱ्या फडक्याची असावी.

४. खाई त्याला खवखवे. खरे सांगण्याची छाती होईना, म्हणून निदान आकडा तरी वाढवावा असे मनाने घेतले. एकाच टेबलावरचे क्लिक वेगळे ओळखू येतात हे मला पक्के ठाऊक आहे, तरी क्लिक करत होतो त्या दहा दिवसांत एकदाही आठवले नाही. अपराधी माणसाची अक्कल चरायला जाते, एवढेच म्हणू शकतो.

५. गेल्या गुरुवारी मावशींच्या टेबलाशी गेलो. त्या स्वतःचीच पाने खोडत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "लोकांना माझं लिहिणं कळत नसणार. जरा कमी करून बघते." तेव्हा त्यांनी खोडलेली ओळ अशी होती : "घाबरू नका, तुम्ही लिहिलेलं इथेच कुठेतरी आहे." महोदय, मला रडू फुटले. मी सर्दी झाल्याचे सांगितले आणि तिथून निघालो. तेही खोटेच.

६. त्याच संध्याकाळी, कुणाचीही परवानगी न घेता, मी ते टिंब काढले आणि मावशींनी सांगितल्या तशाच लिंका दिल्या. हा माझा नवा गुन्हा समजावा. आज दुपारपर्यंत सहाशे एकोणतीस वेगवेगळ्या टेबलांवरून पाने उघडली गेली आहेत. त्यांत आपलेही टेबल आहे : शुक्रवारी अकरा वाजता, पुसलेल्या मजकुराची लिंक. नोटिशीवरची वेळ पाहता, आपला गेलेला मजकूर म्हणजे माझी नोटीसच असावी. ती मला पूर्ण मिळाली, एक ओळही गळालेली नाही.

सबब विनंती की, पद रद्द करायचेच असेल तर माझे करावे. ज्या त्रेपन्नाच्या आकड्यावर निर्णय झाला, तो आकडा मावशींच्या लेखनाचा नसून माझ्या टिंबाचा आहे, अशी नोंद त्यांच्या फायलीत व्हावी. मला माफी नको, आणि ती मागण्याचा हक्कही मला नाही.

आपला अपराधी व नम्र,
(सही)
पडद्याची मांडणी करणारा कर्मचारी, दुसरा मजला
दिनांक : आजचा, सोमवार

सोबत : क्लिकच्या नोंदी, मावशींची मूळ सूचना, जिच्यावर मी "नंतर बघू" असे लिहिले होते.

प्रत : मावशींना. यातले काहीही मी त्यांना अजून सांगितलेले नाही. ही प्रत शिपायाकडे न देता मी स्वतः घेऊन जात आहे, आणि त्यांचे वाचून होईपर्यंत समोर उभा राहणार आहे.