पहिली निवड

४ नोव्हेंबर
बाबलदादाची होडी लागली. नेहमीसारखी पुढे गेले, तर शिल्पा आधीच होडीला टेकून उभी. बंदराजवळ नवीन हॉटेल काढलंय तिने. सुरमया सगळ्या तिच्या बर्फाच्या पेटीत. मला बांगडे. लग्न होऊन मालवणात आल्यापासून त्याच्या होडीतली पहिली निवड माझी. आज विचारलंसुद्धा नाही.
बाजारात बसले, पण धंद्यात लक्ष नव्हतं. तिच्या चपला किती स्वच्छ. बंदरावर कोण असं येतं?

६ नोव्हें.
पुन्हा तेच. वर तिच्याशी हसत होता. मला इंजिनाच्या कटकटी सांगतो, तिला गजाली.
नवऱ्याबद्दल कधी असं वाटलं नाही. आणि हा तर नुसता होडीवाला.

९ नोव्हें.
मुद्दाम तिच्या हॉटेलवरून गेले. बाहेर मोठा बोर्ड. बाबलदादाचा फोटो, खाली ‘आमच्या होडीचे ताजे मासे’.
आमच्या!
जेवण गेलं नाही.

१० नोव्हें.
घरात सांगितलं, त्याच्याकडून मासे घेणं बंद करते. हे म्हणाले, "उद्यापासून जाव नको. आपोआप कळात तेका." सोपं वाटलं. पण सासूबाई, त्यांनीही जन्मभर मासेच विकले, त्या चिडल्या. "तोंडार सांगान ये. आमच्या अडीअडचणीक तोच उभो रवलो. चोरासारख्या जाव नको."

११ नोव्हें.
सांगायला गेले. शिल्पा होती. बांगडे घेऊन परत.

१३ नोव्हें.
सांगितलं. दुपारी त्याच्या घरी गेले, घरापुढच्या खळ्यात जाळं शिवत होता.
"दादा, उद्यापासून दुसऱ्या होडयेवरसून मासे घेवचे म्हणतंय."
हात थांबला नाही त्याचा. "त्या शिल्पामुळा?"
"नाय." खोटं बोलले.
"ती सगळा एकदम घेता. माका थांबूचा लागणा नाय. गुडघे रवले नाय आता."
"माका आधी सांगूचा तरी."
"तुका कसा सांगू? तू घरातली."
घरातली, म्हणून मागे. वहिनीने चहा दिला, तो प्यायले. "येतंय" म्हणून उठले. ‘जाव नको’ म्हणेल असं वाटलं होतं. गेटपर्यंत हळूहळू चालले.

१४ नोव्हें.
मिठबावच्या एकाची होडी. मासे चांगले. मी बोट दाखवलं, त्याने टोपलीत ओतलं. बोलणं नाही.
बाबलदादाने लांबून हात केला. मी दिसलं नाही असं केलं. का केलं...

१९ नोव्हें.
आज शिल्पा बाजारात माझ्यासमोर येऊन उभी.
"ताई, बाबलदादांशी वर्षभराचं ठरवतेय. तुम्ही इतकी वर्षं घेत होता. माणूस कसा आहे? कालचा मासा आजच्यात घालत नाहीत ना?"
‘घालतो’ म्हटलं असतं की संपलं. शब्द अगदी जिभेवर आला. ती बिचारी विश्वासाने बघत होती, तेही आवडलं नाही मला.
"डोळे मिटून घे," म्हटलं.
"मग तुम्ही का सोडलंत?"
तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मी खाली मान घालून बांगडे साफ करायला घेतले. पिशवी भरून दिली. गिऱ्हाईक गेलं.
ती तिथंच उभी.